धागा: एपस्टीनचा कोठडीतला मृत्यू – संशय कशावर घ्यायचा?

सावली

गेल्या महिन्यात घरच्या जेवणावर पुन्हा तोच वाद झाला. भाचा म्हणाला, "मावशी, एपस्टीनला मारलं हे जगाला माहीत आहे, तू एकटीच सरकारी बाजू घेतेस." मी सरकारी बाजू घेत नव्हते. पण जेवताना नीट मांडता आले नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जेफ्री एपस्टीन, न्यूयॉर्कचा गडगंज माणूस. फ्लोरिडात अल्पवयीन मुलींच्या शोषणाबद्दल २००८ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, पण सरकारी वकिलांशी झालेल्या तडजोडीमुळे शिक्षा १८ महिन्यांची, त्यातले तेरा-एक महिनेच भोगले. तेही आठवड्यातले सहा दिवस, रोज बारा तास स्वतःच्या ऑफिसात जाऊन. ज्यांच्यावर त्याला मदत केल्याचा संशय होता त्यांनाही त्याच करारात अभय मिळाले, आणि मुलींना हे कुणी कळवलेही नाही. पुढे 'मायामी हेरल्ड'च्या ज्युली ब्राउन यांनी २०१८ च्या नोव्हेंबरात सगळे प्रकरण उकरून काढले. ६ जुलै २०१९ ला पॅरिसहून परतताना त्याला विमानतळावरच अटक झाली. १० ऑगस्टच्या सकाळी तो मॅनहॅटनच्या केंद्रीय कारागृहात मृत सापडला. वय ६६.

मधले पाच आठवडे महत्त्वाचे आहेत. २३ जुलैला तो कोठडीत मानेवर व्रण घेऊन सापडला होता. त्याला सुइसाइड वॉचवर, म्हणजे आत्महत्या करू नये म्हणून सतत पहाऱ्याखाली ठेवले आणि दीड दिवसाच्या आत काढले. मग काही दिवस मानसोपचार विभागाच्या नजरेखाली. ३० जुलैला त्या विभागाने सत्तरहून अधिक कर्मचाऱ्यांना ईमेल पाठवला की या कैद्याला एकटे ठेवू नका, कोठडीत जोडीदार हवाच. ९ ऑगस्टला जोडीदाराला दुसरीकडे हलवले आणि त्याच्या जागी कुणालाही आणले नाही. त्याच दिवशी एका जुन्या दिवाणी खटल्यातली जवळपास दोन हजार पाने कोर्टाने खुली केली होती. आदल्या दिवशी त्याने मृत्युपत्रावर सही केली होती. रात्रीच्या दोन पहारेकऱ्यांचे टेबल कोठडीपासून पंधरा फुटांवर. साडेदहानंतर सकाळी साडेसहापर्यंत त्यांनी एकही फेरी मारली नाही. नोंदींत मात्र सगळ्या फेऱ्या मारलेल्या, सगळ्या गिनत्या झालेल्या!

एवढे वाचून कुणाला संशय आला नाही तरच नवल. मी स्वतः त्याने आत्महत्या केली असे मानते. पण ज्यांना तसे वाटत नाही त्यांना वेडे ठरवायला माझी तयारी नाही. तुम्हाला काय वाटते?

गडकोट

धागा चांगला, पण सावलीताई, तुम्ही सगळे पुरावे स्वतः मांडता आणि शेवटच्या पावलावर थांबता, हे मला पटत नाही.

ज्याच्या ओळखीत राष्ट्राध्यक्ष, राजपुत्र, अब्जाधीश, तो माणूस बोलायच्या आधी मेला. बऱ्याच कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग बंद. जोडीदार हलवलेला. पहारेकरी झोपलेले. आदल्या संध्याकाळी त्याला नोंद न होणाऱ्या लाइनवरून फोन करू दिला. 'आईशी बोलायचे आहे' म्हणाला आणि त्याची आई २००४ मध्येच वारली होती! भावाने नेमलेल्या डॉ. मायकल बेडन यांनी सांगितले की मानेतली मोडलेली हाडे गळा दाबल्यासारखी दिसतात. मग २०२५ मध्ये सरकारने व्हिडिओ जाहीर केला तर त्यात मध्यरात्रीच्या आधीचे एक मिनिट गायब. योगायोग एक असतो, दोन असतात. इतके योगायोग एकाच रात्री एकाच माणसाच्या दारात कसे गोळा होतात?

निशिगंध

हाडांबद्दल लिहिते, कारण माझे काम तेच आहे. न्यायवैद्यक विभागात बावीस वर्षे झाली.

जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालाच्या आकाराचे एक छोटे हाड असते, हायॉइड. तरुण वयात त्याचे तुकडे कूर्चेने जोडलेले असतात, म्हणून ते लवचीक असते. वय वाढते तसे ते सांधे हाडासारखे पक्के होत जातात आणि ताण आला की मोडतात. त्यामुळे साठीपुढच्या माणसात फाशीनेही हायॉइड मोडलेले सापडते. आम्ही ते पाहतो. गळा दाबून मारलेल्या माणसात ते जास्त वेळा मोडलेले असते हेही खरे. म्हणजे त्या हाडावरून संशय घेता येतो, निकाल देता येत नाही. निकालासाठी बाकीचे पाहावे लागते: व्रणाची दिशा, डोळ्यांतला आणि चेहऱ्यातला रक्तस्राव, झटापटीच्या खुणा, नखांखाली काय आहे, आणि जागा. न्यूयॉर्कच्या मुख्य वैद्यकीय परीक्षक बार्बरा सॅम्पसन यांनी १६ ऑगस्टला आत्महत्या असा निष्कर्ष दिला आणि बेडन यांच्या वक्तव्यानंतरही त्या ठाम राहिल्या. बेडन शवविच्छेदनाला हजर होते, पण ते कुटुंबातर्फे. हे दोष म्हणून सांगत नाही, दुसरा डॉक्टर हजर असणे चांगलेच. फक्त वाचणाऱ्याने दोन्ही बाजू माहीत ठेवाव्यात.

मला खटकते ते वेगळेच. देह जिथे, जसा होता तिथला फोटो नाही. सापडल्याबरोबर त्याला जिवंत करायचा प्रयत्न झाला आणि दवाखान्यात नेले. कर्मचाऱ्यांनी ते करायलाच हवे होते, त्यात दोष नाही. पण त्यामुळे जागेचा पुरावा गेला. आणि रात्रभर कुणी फेरीच मारली नाही, म्हणून मृत्यूची वेळही नेमकी सांगता येत नाही. एका जरी फेरीची खरी नोंद असती, "तीन वाजता हलताना पाहिला" एवढी, तरी आमचे अर्धे काम झाले असते.

गडकोट

डॉक्टर, धन्यवाद. हाडाचा मुद्दा मी अर्धा मागे घेतो. बाकीचे उभेच आहेत.

माजी_खाकी

मी कारागृह विभागात ३१ वर्षे काढली. शिपाई म्हणून लागलो, अधिकारी होऊन निवृत्त झालो. इथे फारसे लिहीत नाही. पण गडकोट यांनी विचारले की इतके योगायोग एका रात्री कसे गोळा होतात, म्हणून लिहितो. ते त्या रात्री गोळा झाले नव्हते, साहेब. ते रोजच तिथे असतात. त्या रात्री फक्त मोठा माणूस मेला.

बाहेरच्या माणसाला जेल म्हणजे भिंत, बंदूक, दिवे असे वाटते. जेल चालते रजिस्टरवर. संध्याकाळी बंदी आत घेऊन कुलपे लागली की गिनती. ती जुळल्याशिवाय ड्यूटी बदलत नाही. रात्री ठरलेल्या वेळी फेरी, प्रत्येक फेरीची नोंद. नवीन शिपायाला पहिल्या दिवशी शिकवतात की पांघरूण मोजू नकोस, छाती हलताना बघ आणि मग आकडा लिही. पण माणसे कमी असतात. एकाच माणसाने सलग डबल ड्यूटी केलेली असते. रात्री दोनला पाय उचलत नाहीत. मग संध्याकाळीच रात्रभराच्या नोंदी भरून ठेवल्या जातात. हे मी पाहिले आहे. तरुणपणी एकदोनदा केलेही आहे. आज कबूल करायला लाज वाटते, पण करतो.

न्यूयॉर्कच्या त्या दोघांबद्दल वाचले तेव्हा मला ओळखीचे वाटले. एक जण पाच दिवस लागोपाठ ओव्हरटाइमवर, दुसऱ्याला सक्तीचा ओव्हरटाइम. इंटरनेटवर फर्निचर आणि मोटरसायकली बघत बसले, मग काही वेळ झोपले. बऱ्याच कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग २९ जुलैपासूनच बिघडलेले होते. ८ ऑगस्टला ते लक्षात आले आणि दुरुस्ती पुढे ढकलली गेली. एका माणसाला मारायला बारा दिवस आधी रेकॉर्डर बिघडवणारा कट मला पटत नाही. दहा दिवस बिघडलेला रेकॉर्डर कुणालाच न दिसणे मात्र सहज पटते.

माझ्या एका पोस्टिंगच्या वेळची गोष्ट सांगतो. जेलचे नाव लिहीत नाही. एक न्यायबंदी, म्हणजे खटला चालू असलेला कैदी, वय तिशीच्या आतले, रात्री झोपेत गेला. हृदयविकार होता, पोस्टमॉर्टेममध्ये स्पष्ट निघाले. पण सकाळी उघडणीला तो थंड पडला होता आणि रजिस्टरमध्ये रात्री दोन आणि चारच्या नोंदी 'ठीक' म्हणून होत्या. देह ताठरलेला, म्हणजे चारला तो नक्की जिवंत नव्हता. त्याची आई गेटवर आली. "माझ्या पोराला मारलं," एवढेच म्हणत होती. कुणीही मारले नव्हते. पण आमच्यातला एकही जण तिच्यासमोर उभा राहून तसे म्हणू शकला नाही. कारण तिने रजिस्टर मागितले असते तर आम्ही खोटे पडलो असतो. एक खोटी नोंद असली की बाकीचे खरेही तोंडातून निघत नाही.

सावली

काका, हे लिहिल्याबद्दल काय बोलू. माझ्या मनात जे होते आणि मला सांगता येत नव्हते, ते हेच.

आभा_म

खाकीकाकांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

या सगळ्यात एक गोष्ट मागे पडते म्हणून लिहिते. तो मेला आणि खटला संपला. आरोपीच नाही तर खटला कोणावर चालवणार? पण न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी खटला बंद करण्याआधी २७ ऑगस्टला सुनावणी ठेवली आणि ज्यांचे शोषण झाले त्या बायकांना बोलू दिले. वीसहून अधिक जणींची निवेदने त्या दिवशी कोर्टाने ऐकली. काही स्वतः उभ्या राहिल्या, काहींची वकिलांनी वाचली. तो मेला म्हणून त्यांना सुटल्यासारखे वाटले नाही. त्याच्यासमोर उभे राहून बोलायची एकमेव संधी गेली, याचा त्यांना राग होता. २००८ मध्ये त्यांच्या पाठीमागे करार करून त्यांना एकदा बाजूला काढले होते. २०१९ मध्ये पुन्हा तेच घडले, या वेळी एका न मारलेल्या फेरीमुळे.

'कुणी मारले' या प्रश्नात अमेरिकेने इतकी वर्षे घालवली की 'कुणी शोषण केले' हा प्रश्न मागे गेला. त्याची साथीदार गिलेन मॅक्सवेल २०२१ च्या डिसेंबरात दोषी ठरली, तिला वीस वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यात चार जणींनी साक्षी दिल्या. त्या साक्षींची चर्चा किती झाली आणि मध्यरात्रीच्या त्या एका मिनिटाची किती झाली, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

गडकोट

आभाताई, हा आरोप माझ्यावर असेल तर तो मी घेतो. पण कुणी मारले असेल तर ते शोषण करणाऱ्यांपैकीच कुणी असेल, असे मला वाटते. म्हणून माझ्या दृष्टीने दोन्ही प्रश्न एकच आहेत.

हडसनकाठ

जर्सी सिटीहून. ते कारागृह माझ्या जुन्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. कोर्टाच्या इमारतींना लागूनच, चायनाटाउनच्या तोंडाशी, तपकिरी रंगाची बुटकी-जाड इमारत, अरुंद खिडक्यांची. पाच वर्षे समोरून गेलो, ते जेल आहे हे मला त्या ऑगस्टपर्यंत माहीत नव्हते. २०२१ मध्ये सरकारने ते बंद केले, आतली अवस्थाच तशी होती.

इथे हा विषय कुठल्या एका पक्षाचा राहिलेला नाही. डावे एकाचे नाव घेतात, उजवे दुसऱ्याचे. ऑफिसात ज्या दोघांचे एरवी कशावरही पटत नाही त्यांचे यावर पटते की त्याला मारले, फक्त मारणारा वेगळा. २०२५ च्या फेब्रुवारीत अ‍ॅटर्नी जनरल पॅम बॉन्डी टीव्हीवर म्हणाल्या की एपस्टीनच्या गिऱ्हाइकांची यादी माझ्या टेबलावर आहे. जुलैत त्यांच्याच खात्याने दोन पानांचे टिपण काढले की अशी कुठलीही यादी नाही आणि मृत्यू आत्महत्याच. लोक चिडले यात नवल काय?

त्या मिनिटाबद्दल: बॉन्डी म्हणाल्या की जुनी यंत्रणा रोज रात्री नव्याने सुरू होते आणि एक मिनिट जाते. मग सप्टेंबरमध्ये संसदेच्या समितीने जे साहित्य जाहीर केले त्यात ते मिनिट निघाले. त्यात काही विशेष नाही. पण 'ते मिनिट कधी नव्हतेच' असे सांगितल्यावर ते सापडले, तर मिनिटात काय आहे याला अर्थ उरत नाही.

निशिगंध

आणि त्या कॅमेऱ्यात कोठडीचे दारही दिसत नाही. मधली मोकळी जागा आणि वर जाणाऱ्या जिन्याचा थोडा भाग, एवढेच. म्हणजे पूर्ण व्हिडिओ असता तरी तो निर्णायक ठरला नसता.

नेकारतीर

मी श्टुटगार्टला राहते. इथे यू १५ ट्रामच्या शेवटच्या टोकाला श्टामहाइम आहे. जेलही तिथेच. त्याची गोष्ट या धाग्यात बसते.

१९७७ च्या ऑक्टोबरात 'रेड आर्मी फॅक्शन' या अतिरेकी गटाचे पुढारी त्या जेलच्या सातव्या मजल्यावर होते. त्यांना सोडवण्यासाठी लुफ्तान्साचे विमान पळवले गेले. १८ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर जर्मन कमांडोंनी सोमालियातल्या मोगादिशूला प्रवाशांची सुटका केली. त्याच सकाळी जेलमध्ये बाडर गोळी लागून, गुड्रुन एन्सलिन फाशीने मेलेली सापडली. रास्पे गोळी लागलेला सापडला आणि रुग्णालयात मेला. इर्मगार्ड म्योलर छातीत चार वार घेऊन जिवंत राहिली. देशातल्या सर्वांत कडेकोट जेलमध्ये पिस्तुले कशी आली? त्यांचा बाहेरशी संपर्क तर तोडला होता, मग मोगादिशूची बातमी कशी कळली? शिवाय त्याच वर्षी उघड झाले होते की सरकारने कैदी आणि वकिलांचे बोलणे चोरून ऐकले होते. मग लोक म्हणाले, त्या रात्रीही ऐकत असणारच, मग टेप कुठे आहे?

सरकारने परदेशी डॉक्टरांना शवविच्छेदनाला बोलावले. आत्महत्या असाच निष्कर्ष निघाला. तरी डाव्या विचारांच्या एका पिढीने तो वर्षानुवर्षे मानला नाही. पुढे कळले की पिस्तुले वकिलांच्या फायलींत पोकळी करून आत गेली होती. पूर्व जर्मनीत लपलेले गटाचे जुने सदस्य १९९० मध्ये पकडले गेले. त्यांच्यातल्या काहींनी जबाबात सांगितले की आत्महत्या आधीच ठरलेली होती आणि बाहेरच्या पुढाऱ्यांना ते माहीत होते. ज्यांनी 'खून झाला' असे सांगत नवीन पोरे भरती केली, त्यांना खरे ठाऊक होते. म्योलर मात्र आजवर खुनाचेच सांगते.

माझ्या शेजारच्या आजी त्या काळात विद्यार्थी होत्या. त्या म्हणतात, "खोटे वाटले कारण सरकार आधी एकदा खोटे बोलताना सापडले होते." इतक्या वर्षांनीही हे सांगताना त्यांचा आवाज चढतो.

गडकोट

हे मला माहीत नव्हते. म्हणजे तिथे लोकांचा संशय चुकीचा होता, पण त्यामागचा राग रास्त होता असे तुमचे म्हणणे. श्टामहाइममध्ये तेरा वर्षांनी आतली माणसे बोलली. एपस्टीनच्या बाबतीत अजून कुणी आतला बोललेला नाही.

काळा_डगला

वकिली करतो, म्हणून आपल्याकडचे थोडे. कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करायची, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७६ मध्ये दुरुस्तीने आली, २००६ पासून लागू झाली. आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. पोलिसांनी पोलिसांची चौकशी करू नये, हा हेतू. शवविच्छेदनाचे चित्रीकरण करायचे आणि चोवीस तासांत मानवी हक्क आयोगाला कळवायचे, असे आयोगाचे निर्देश नव्वदच्या दशकापासून आहेत. कागदावर आपण अमेरिकेच्या मागे नाही.

पण कोठडीतला मृत्यू म्हटले की खून की आत्महत्या एवढेच दोन पर्याय लोकांसमोर येतात. फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे, कंपवाताचे रुग्ण, तळोज्याच्या जेलात होते. ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाची सुनावणी सुरू असताना ते गेल्याचे न्यायमूर्तींना सांगण्यात आले. तिथे कुणी गळा दाबला असे कुणाचेच म्हणणे नव्हते. तरीही जबाबदार कोण हा प्रश्न होताच. एपस्टीनच्या गुन्ह्याशी त्यांची तुलना करत नाही, कृपया तसा अर्थ काढू नका. एवढेच म्हणतो की माणूस सरकारच्या ताब्यात असला की त्याचा श्वासही सरकारच्या हिशेबात असतो.

त्या दोन पहारेकऱ्यांचे पुढे काय झाले ते कुणी लिहिले नाही. खोट्या नोंदींबद्दल खटला भरला. २०२१ मध्ये सरकारी वकिलांशी समझोता झाला: खोट्या नोंदी केल्याची कबुली, चौकशीला सहकार्य आणि शंभर तास समाजसेवा. मग आरोप मागे. एकही दिवस तुरुंग नाही.

माजी_खाकी

शिक्षा खालच्यालाच होते, इथे तीही नीट झाली नाही. ज्याने जोडीदार द्यायचा होता, ज्याने रेकॉर्डर बघायचा होता, ज्याने कोठडीतल्या जादा चादरी काढायच्या होत्या, ते पहारेकऱ्यांच्या वरचे. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांचा २०२३ चा अहवाल वाचा. शंभराहून अधिक पाने आहेत, त्यात प्रत्येक टप्प्यावर कुणी काय केले नाही ते दिले आहे. मी दोन रात्री बसून वाचला. मला त्यात कट कुठे दिसला नाही. ओळखीचे जेल दिसले.

गडकोट

सावलीताई, शेवटचा प्रश्न. तुमचे मत कशाने बदलेल?

सावली

रास्त प्रश्न आहे. मी यादी करून ठेवली आहे. त्या रात्री त्या मजल्यावर नोंद नसलेला माणूस गेल्याचा पुरावा मिळाला तर. जोडीदार न देण्याचा हुकूम कुणी वरून दिल्याचा कागद निघाला तर. शेजारच्या कोठड्यांतल्या कैद्यांनी झटापट ऐकल्याचे सांगितले तर. आतापर्यंतच्या चौकशीत त्यांचे म्हणणे उलट आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात सगळी कागदपत्रे खुली करण्याचा कायदा झाला, प्रतिनिधीगृहात विरोधात फक्त एक मत पडले. त्या कागदांत असे काही निघाले तर मी इथेच येऊन लिहीन. २३ जुलैच्या घटनेच्या वेळचे कोठडीबाहेरचे चित्रीकरण, जे 'चुकून दुसऱ्याच मजल्याचे जपले' म्हणून गेले, त्याबद्दल मला अजूनही बरे वाटत नाही. तुमच्याशी त्यावर माझे एकमत आहे.

खाकीकाका, एक विचारू? नको वाटले तर उत्तर देऊ नका. त्या आईला कुणी रजिस्टरबद्दल कधी सांगितले का?

माजी_खाकी

नाही, ताई. चौकशी झाली, अहवालात नैसर्गिक मृत्यू आले, ते खरेच होते. ती अहवालाची प्रत मागायला परत आली होती. रीतसर अर्ज करा, असे तिला गेटवर सांगितले. सांगणारा मीच होतो. दोन महिन्यांत माझी बदली झाली. तिने अर्ज केला की नाही, मला कळले नाही.